टेस्टरवर चांगला दिसणारा १८६५० सेल फवाऱ्यात बसवला की बंद पडतो: लोडवर तपासणी कशी करायची?

फवारा_जिंतूर

नमस्कार मंडळी. पाठीवरच्या १६ लिटर चार्जिंगच्या फवाऱ्यात १२ व्होल्ट ८ एएचची लेड-ॲसिड बॅटरी काढून १८६५० सेलचा (लॅपटॉपच्या बॅटरीत असतात ते गोल लिथियम सेल) पॅक बसवतोय. सोयाबीनची दुसरी फवारणी तोंडावर आलेली, त्यामुळे उत्तर लवकर मिळालं तर बरं.

पॅक ३ सिरीज २ पॅरलल, म्हणजे पॅरलल जोडलेल्या दोन-दोन सेलचे तीन गट सिरीजमध्ये, एकूण ६ सेल. सेल जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले. चार खान्यांच्या साध्या चार्जर-टेस्टरवर ५०० मिलिअँपने डिस्चार्ज करून बघितले तर प्रत्येक सेल १९०० ते २१०० एमएएच दाखवतो. म्हणजे पॅक ४ एएचच्या आसपास. मोटर चालू असताना डीसी क्लॅम्प मीटरवर ३.४ अँप येतात. हिशोबाने एक तास दहा मिनिटं चालायला पाहिजे, पण पस्तीस मिनिटांत बंद. बंद पडतो तोही खटका दाबताक्षणी. थोडं थांबून परत दाबलं की दोन सेकंद चालतो, परत बंद. त्या वेळी पॅकचं व्होल्टेज १०.९ आहे, म्हणजे सेल रिकामे झालेले नाहीत.

दुकानात नवे सेल दोन प्रकारचे मिळतात. एकावर ‘३००० एमएएच’ छापलंय, कंपनीचं नाव नाही. दुसरा हिरव्या सालीचा २५०० एमएएच, त्यावर ‘३५ अँप’ लिहिलेलं. दुकानदार त्याला व्हेपचा (ई-सिगारेटचा) सेल म्हणतो. यातलं काय घ्यावं, आणि घेण्याआधी ते खरे की खोटे हे घरच्या सामानावर कसं ओळखावं? पॉवर सप्लाय, दोन मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचं सामान आहे.

---

सेल_तपासणी

दादा, १०.९ या एका आकड्यावर जाऊ नका. पॅक बंद पडल्या पडल्या बीएमएसच्या (पॅकचं रक्षण करणाऱ्या सर्किटच्या) बॅलन्स वायरींवर तिन्ही गटांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा: बी-मायनस ते बी-१, बी-१ ते बी-२, बी-२ ते बी-प्लस. दोन गट ३.७५ आणि एक ३.४ असा प्रकार असणार. बेरीज तरीही १०.९ येते. बीएमएस बेरीज बघत नाही, एक गट कटऑफच्या (ठरलेल्या किमान व्होल्टेजच्या) खाली गेला की सगळा पॅक तोडतो.

खटका दाबताना का तुटतो, तर या फवाऱ्यांत प्रेशर स्विच असतो. खटका सोडला की प्रेशर वाढून मोटर थांबते, दाबला की भरलेल्या प्रेशरवर परत सुरू होते. ब्रशची मोटर सुरू होताना चालू करंटच्या अडीच-तीन पट ओढते, म्हणजे तुमच्याकडे क्षणभर ९ अँपच्या आसपास. क्लॅम्प मीटरचा आकडा सेकंदातून दोन-तीनदाच बदलतो, त्याला हा झटका दिसत नाही. बीएमएसला दिसतो.

आता टेस्टर का फसवतो ते. समजा सेलची अंतर्गत रोधकता १२० मिलिओहम आहे. ५०० मिलिअँपवर त्यात फक्त ०.०६ व्होल्ट पडतात, सेल शेवटपर्यंत गुणी दिसतो. त्याच सेलवर ३.५ अँप टाकले की ०.४२ व्होल्ट पडतात आणि कटऑफ लवकर येतो. विहिरीत पाणी भरपूर आहे पण पाइप अर्धा इंची, असा मामला. ५०० मिलिअँपची टेस्ट विहीर मोजते, फवाऱ्याला पाइपही मोजून पाहिजे. म्हणून सेल ज्या करंटवर चालणार आहे त्याच करंटवर तपासायचा. बाकीचे आकडे वाचून सोडून द्या.

सामान फार लागत नाही. १ ओहम ५० वॉटचे ॲल्युमिनियम अंगाचे दोन रेझिस्टर घ्या. दोन सिरीजमध्ये जोडले की २ ओहम, म्हणजे साधारण १.८ अँप; तुमच्या ३.४ अँपमधला एका सेलचा वाटा जवळपास एवढाच. एकटा वापरला की ३.६ अँप. दोन पॅरललमध्ये जोडले की अर्धा ओहम, म्हणजे ७ अँप. तिन्ही लोड यातच निघतात. ‘५० वॉट’ हा आकडा मोठ्या हीटसिंकवर बसवल्यावरचा आहे. भरलेल्या सेलवर १ ओहममध्ये साडेसतरा वॉट उष्णता निघते, म्हणून रेझिस्टर जाड ॲल्युमिनियम पट्टीवर बोल्टने कसा, खाली फरशी ठेवा. प्लायवूडवर ठेवाल तर काळा डाग पडेल.

वायर घरगुती फिटिंगची २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची. सेल धरायला बाजारातला काळा प्लास्टिकचा होल्डर वापरू नका. त्याची स्प्रिंग ३ अँपला गरम होते, प्लास्टिक मऊ पडतं, संपर्क ढिला होतो आणि आपण सेलला नावं ठेवतो. पितळी पट्ट्यांचे दोन तुकडे आणि स्क्रूने दाबणारा शिकंजा करा. मल्टिमीटरच्या वायरी मात्र लोडच्या वायरीवर लावायच्या नाहीत. त्यांची टोकं स्वतंत्रपणे थेट सेलच्या दोन तोंडांना टेकली पाहिजेत, नाहीतर वायरीत पडलेलं व्होल्टेज सेलच्या नावावर चढतं. दुसरा मल्टिमीटर रेझिस्टरच्या दोन टोकांवर: तिथलं व्होल्टेज भागिले ओहम म्हणजे खरा करंट.

क्रम असा. सेल ४.२० व्होल्टला पूर्ण भरा, चार्जिंग करंट ५० ते १०० मिलिअँपवर उतरेपर्यंत काढू नका. मग एक तास ठेवून द्या. २ ओहमचा लोड लावा आणि दर १० मिनिटांनी दोन्ही व्होल्टेज लिहा. मागच्या आणि आत्ताच्या करंटची सरासरी घ्या, त्याला ६ ने भागा, की त्या दहा मिनिटांतले अँपिअर-तास निघाले. १.८५ अँप सरासरी असेल तर ०.३१ एएच. सेल ३.३ च्या खाली आला की दर मिनिटाला बघत राहा, कारण तिथून पुढं तो उतारावरून सुटल्यासारखा पडतो. लोडवर २.८ ला थांबवा. कंपनीच्या डेटाशीटमध्ये (माहितीपत्रकात) बऱ्याचदा २.५ असतं, पण हाताने टेस्ट करताना थोडी जागा ठेवलेली बरी. रेझिस्टर ५ टक्क्यांनी इकडेतिकडे असतो, तरी सगळे सेल त्याच रेझिस्टरवर तपासले तर आपसातली तुलना बिनचूक राहते.

रोधकता काढायला सेल निम्मा भरलेला ठेवा. २ ओहमवर १० सेकंद, वाचन लिहा. लगेच १ ओहमवर १० सेकंद, वाचन लिहा. समजा पहिल्यात ३.६२ व्होल्ट आणि १.८१ अँप, दुसऱ्यात ३.४६ व्होल्ट आणि ३.४६ अँप. व्होल्टेजचा फरक ०.१६, करंटचा फरक १.६५. भागाकार ०.०९७, म्हणजे ९७ मिलिओहम. चांगला नवा हाय-ड्रेन (जास्त करंट देणारा) सेल २५-३० च्या आसपास येतो. लॅपटॉपचा जुना सेल १०० च्या आत असेल तर तुमच्या कामाला चालेल, १५० च्या पुढं असेल तर एमएएच कितीही येऊ द्या, फवाऱ्यात घालू नका.

---

मोंढा_इलेक्ट्रिक

वरचं सगळं बरोबर. एक पुरवणी जोडतो, कारण यावरून हमखास वाद होतो. वायआर-१०३५ सारखा चार वायरचा रोधकता मीटर घेतला तर तोच सेल ४५ मिलिओहम दाखवेल आणि रेझिस्टरच्या पद्धतीने ९७ येतील. दोन्ही खरे आहेत. मीटर १ किलोहर्ट्झ एसीवर मोजतो, त्यात सेलच्या आतल्या रासायनिक क्रियेचा संथ भाग येतच नाही. १० सेकंदांच्या डीसी लोडमध्ये तो येतो, आणि मोटरला डीसीच लागतं. मीटर शंभर सेल झटपट निवडायला चांगला, पण त्याचा आकडा घेऊन व्होल्टेज किती पडेल हा हिशोब करू नका.

तापमानाचंही तसंच. सेल गरम असला की रोधकता कमी दिसते. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी मोजलेला सेल आणि डिसेंबरच्या सकाळी मोजलेला सेल यांची तुलना होत नाही. सगळे सेल एका खोलीत रात्रभर ठेवा आणि सकाळी एका बैठकीत मोजा.

---

विद्युत_लातूर

नव्या सेलबद्दल लिहितो.

‘३००० एमएएच’ बिननावाचा सेल आधी वजनकाट्यावर ठेवा. चांगल्या कंपनीचा १८६५० सेल ४३ ते ४९ ग्रॅम भरतो. ३०-३५ ग्रॅम भरला तर आत माल कमी आहे, त्यावर पुढची टेस्ट करण्यात वेळ घालवू नका. वजन बरोबर आलं म्हणजे सेल चांगला असं मात्र नाही, कारण जुना वापरलेला सेलही तेवढाच भरतो आणि त्यावर नवी साल चढवणं सोपं आहे. प्लस टोकाकडची साल जरा मागे सरकवून पांढरी रिंग बघा: वेल्डिंगचे जुने ठिपके घासलेले दिसले, डब्याच्या काठावर ओरखडे दिसले, तर तो पॅकमधून काढलेला. आणि १८६५० वर ४००० च्या वरचा आकडा छापलेला दिसला, ६८०० म्हणा, ९९०० म्हणा, तर तो सेल विकत घेऊच नका. एवढ्या मापात तेवढं मावत नाही.

आता ३५ अँपचं. ई-सिगारेटची विक्री, साठवणूक, जाहिरात सगळं आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने बंद आहे, पण त्या उपकरणांमुळे बाहेर हाय-ड्रेन सेलच्या तपासणीची शिस्त लागली. ती आपल्या कामाची आहे. तिथे एकट्या सेलवर सगळा भार येतो. ५० वॉटचं उपकरण, सेल लोडवर ३.५ व्होल्ट, सर्किटची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर एका सेलमधून १६ अँप निघतात. सेल जसा रिकामा होतो तसा करंट वाढत जातो, कारण वॉट तेवढेच पाहिजेत. म्हणून तिथली तपासणी सलग करंटवर होते: १०, मग १५, मग २० अँप, प्रत्येक वेळी पूर्ण भरल्यापासून कटऑफपर्यंत, सेलच्या अंगाला थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) चिकटवून. ज्या करंटपर्यंत क्षमता टिकते आणि तापमान डेटाशीटच्या मर्यादेत राहतं, तोच सेलचा खरा करंट.

सालीवरचा ३५ हा बहुतेक वेळा पल्सचा, म्हणजे थोड्या वेळच्या झटक्याचा आकडा असतो. पल्स किती सेकंदांची आणि मध्ये विश्रांती किती, हे त्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून त्या आकड्याला अर्थ नाही. डेटाशीटचे सलग करंटचे आकडे ध्यानात ठेवा: सॅमसंग २५आर २५०० एमएएच २० अँप, सॅमसंग ३०क्यू ३००० एमएएच १५ अँप, एलजी एचजी२ ३००० एमएएच २० अँप, सॅमसंग ३५ई ३५०० एमएएच ८ अँप. क्षमता वाढली की सहसा करंट उतरतो. एकाच सेलवर ३५०० आणि ३० अँप दोन्ही छापलेले असतील तर त्यातला एक आकडा तरी खोटा धरा.

तुमच्या हिरव्या सेलसाठी २० अँपची टेस्ट करायची गरज नाही. अर्ध्या ओहमवर, म्हणजे ७ अँपवर, तपासा. खरा २५०० चा हाय-ड्रेन सेल तिथेही २३०० च्या वर देतो आणि कोमट होतो. बनावट असेल तर काही मिनिटांत ३ व्होल्टखाली घसरतो किंवा हात लावता येणार नाही इतका तापतो. थर्मोकपल सेलच्या मध्यभागी कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) लावा. इन्फ्रारेड बंदूक वापरणार असाल तर सालीवर धरा, उघड्या चकचकीत टोकावर ती कमी तापमान दाखवते. लॅपटॉपचा सेल ६० अंशाला पोचला की लोड काढा. त्याची झेपही कमी असते, साधारण क्षमतेच्या दुप्पट करंट, त्यामुळे ७ अँपच्या लोडवर त्याला घेऊच नका.

---

फवारा_जिंतूर

सगळ्यांचे आभार. गट मोजले: ३.७६, ३.४३, ३.७४. मधला गट पडलेला. निकेल पट्टी काढून सहाही सेल २ ओहमवर तपासले: १८५०, १७९०, १७६०, १७१०, १६९० आणि ११८० एमएएच. शेवटच्याची रोधकता २१० मिलिओहम, बाकीचे ८५ ते १०५. तो एकच बदलून हिरवा नवा घातला तर चालेल का? आणि लेड-ॲसिडचा जुना चार्जर आहे, तोच लावतोय. बीएमएस आहे म्हणून चालतंय.

---

सेल_तपासणी

चार्जर आधी बाजूला ठेवा, आजच. लेड-ॲसिडचा चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत जातो. तीन गटांत वाटले तर प्रत्येकी ४.८. सेलची मर्यादा ४.२०. आत्ता दर चार्जिंगला बीएमएस ४.२५ च्या आसपास तोडून तुम्हाला वाचवतोय, पण बीएमएस ही शेवटची भिंत आहे, रोज धडका मारायची नाही. त्यातला मॉसफेट (करंट तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झाला तर मध्ये काहीच उरत नाही. १२.६ व्होल्टचा लिथियमचा चार्जर घ्या आणि लावण्याआधी त्याचं बिनलोड व्होल्टेज मीटरवर बघा. १२.६५ च्या वर दाखवला तर परत करा.

नवा हिरवा सेल जुन्याच्या जोडीला लावू नका. ३० मिलिओहमचा नवा आणि ९५ चा जुना पॅरललमध्ये आले की झटक्याचा तीन चतुर्थांश करंट नवा एकटा ओढतो. शिवाय तो गट मोठा झाला तरी पॅक चालणार बाकीच्या दोन गटांएवढाच. पैसे वाया. तुमच्याकडच्या लॅपटॉपच्या साठ्यातून १६०० ते १६५० एमएएच आणि ८५ ते १०५ मिलिओहममधला एक सेल शोधा. समजा १६२० चा मिळाला. मग जोड्या अशा लावा: १८५० सोबत १६२०, १७९० सोबत १६९०, १७६० सोबत १७१०. बेरीज ३४७०, ३४८०, ३४७०. तिन्ही गट बरोबरीचे. जोडण्याआधी सगळे ४.२० ला भरून घ्या. ०.३ व्होल्टचा फरक असलेले दोन सेल थेट पॅरलल केले तर त्यांच्यात तिथल्या तिथे दीड-दोन अँप धावतात, कमी रोधकतेच्या सेलमध्ये पाच-सहा.

साठ्यातला सेल घेताना आणखी एक बघा. ४.२० ला भरून आठवडाभर ठेवा. ४.१० च्या खाली उतरला तर आतून गळती आहे, टाकून द्या. बराच काळ २ व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेलही उठवू नका. आतलं तांबं विरघळलेलं असतं, चार्ज करताना ते भलतीकडेच जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होतो. असा सेल टेस्टला पासही होऊ शकतो.

पट्टी शुद्ध निकेलची, ०.१५ मिलिमीटर जाड आणि ८ मिलिमीटर रुंद. लोखंडावर निकेलचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते. चुंबक दोन्हीला चिकटतं, त्यावर ओळखता येत नाही. तुकडा खरवडून मिठाच्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवा, गंजला तर लोखंड. फवाऱ्यात औषधाचं पाणी झिरपतं, तिथे लोखंडी पट्टी टिकत नाही. स्पॉट वेल्डिंगच करा, थेट सेलवर सोल्डर करू नका, आणि प्लस टोकावर बार्ली पेपरची (वीज अडवणाऱ्या कागदाची) रिंग विसरू नका. तिथे पट्टी आणि डब्याच्या काठात फक्त पातळ साल असते. ती घासून फाटली की थेट शॉर्ट.

---

कापूस_जालना

चार्जिंगच्या वेळेबद्दल. बहुतेक डेटाशीटमध्ये चार्जिंगची मर्यादा ४५ अंश आहे, आणि ती सेलची आहे, हवेची नाही. उन्हातून आणलेला फवारा, काळा प्लास्टिकचा डबा, हवा ४०-४२, तर आतला पॅक आधीच मर्यादेच्या पलीकडे असतो. तासभर सावलीत ठेवून मग लावा, उन्हाळ्यात पहाटे. कडब्याजवळ किंवा कापूस भरलेल्या खोलीत चार्जिंग नको. फरशीवर, मोकळ्या जागी, डोळ्यांसमोर. पेटलाच तर आधी लाइट बंद करा आणि भरपूर पाणी मारा. वाळूने ज्वाला झाकते पण सेल थंड होत नाहीत, शेजारचे सेल एकामागून एक पेटतात.

पुढचा पॅक नवीन करणार असाल तर लिथियम फॉस्फेटचे ३२६५० सेल बघा, ६००० एमएएच, ४ सिरीज. १२.८ व्होल्ट होतात, उष्णता जास्त सोसतात, वेल्डिंग कमी. चार्जर १४.६ चा. तपासणी याच रेझिस्टरवर होते, फक्त पूर्ण चार्ज ३.६५ आणि कटऑफ २.५ धरा. यांचं व्होल्टेज शेवटपर्यंत ३.२ च्या आसपास सपाट राहतं, म्हणून मीटर बघून किती उरलं हे कळत नाही. वेळच मोजावी लागते.

---

फवारा_जिंतूर

समजलं. १२.६ चा चार्जर उद्याच मागवतो. तूर झाली की फवारा जूनपर्यंत पडून राहतो, तेव्हा पॅक भरून ठेवायचा की रिकामा?

---

सेल_तपासणी

दोन्ही नाही. ११.२ ते ११.४ व्होल्टवर, म्हणजे सेलमागे ३.७५ च्या आसपास, थंड जागी. डब्यावर छोटा व्होल्टमीटर असेल तर तो स्विचच्या आधी जोडलाय की नंतर ते बघा. २० मिलिअँप ओढणारा डिस्प्ले सतत चालू राहिला तर साडेतीन एएचचा पॅक आठवड्याभरात खाली करतो. पॅकची वायर सोडवून ठेवणं सगळ्यात बरं. दर दोन महिन्यांनी तिन्ही गट मोजा, एखादा ०.०५ व्होल्टने मागे पडत गेला तर जूनआधी त्यातले दोन सेल परत रेझिस्टरवर घ्या. काढलेल्या ११८० च्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, भंगाराच्या पोत्यात टाकू नका.

जोड्या लावल्यावर ३.४७ भागिले ३.४, म्हणजे तासभर फवारा चालला पाहिजे. पन्नास मिनिटांच्या आत बंद पडला तर सेलकडे बोट दाखवायच्या आधी वेल्डिंग ओढून बघा. एका सेलची पट्टी सुटली की त्या गटाचा सगळा भार उरलेल्या एकावर येतो, आणि खटका दाबताना तुटण्याचं लक्षण अगदी असंच दिसतं.